तांबडे चौकोन

आत्याला सोवळ्यात शिवायची सोय नव्हती. पहाटे गंगेवर आंघोळ करून ती आली की दुपारची जेवणं उरकेपर्यंत तिच्या आणि माझ्यात दोन हातांचं अंतर असे. मी विसरून जवळ गेलेच तर ती ओरडत नसे, नुसती मागे सरके. ते मागे सरकणं ओरडण्यापेक्षा वाईट. पण लोकर सोवळ्यात चालते. त्यामुळे लोकरीचं टोक तिच्या बोटांत आणि गुंडा माझ्या हातात, एवढं आमचं चालायचं. आई गेल्यानंतरच्या त्या वर्षांत आत्याचा हात माझ्या हाताला जो काही लागला तो असा, मध्ये दोन हात लोकर ठेवून. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ऐंशीच्या पुढे तक्रार ऐकायला कुणी शिल्लक नसतं, आणि ज्यांच्याबद्दल करायची त्यांची बाजू आपल्याला उशिरा का होईना कळलेली असते.

बाबांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. पुण्याच्या घरात आईच्या वस्तू जिथल्या तिथे होत्या, आणि बाबांना बहुधा त्यांच्यापासूनच पळायचं होतं. नाहीतर केंद्र सरकारच्या कचेरीतली ती बदली त्यांना टाळता आली असती असं पुढे नातेवाईक म्हणत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, घर सांभाळायला बरोबर आली. बागबाजारात गंगेपासून जवळ वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकांचं मोठं बंगाली कुटुंब राहत होतं. घरमालकीणबाईंना सगळं घर जेठीमा म्हणे, म्हणून मीही म्हणे. त्यांच्या दोन सुना होत्या, थोरली बौदी आणि धाकटी बौदी, म्हणजे वहिन्या. आणि घरमालकांची विधवा थोरली बहीण होती. ती त्या घरातल्या मुलांची आत्या, म्हणजे बंगालीत पिशीमा. एका घरात दोन आत्या होत्या, एक वर आणि एक खाली, आणि दोन वर्षांत त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

सकाळी कोळशाच्या चुली पेटल्या की सगळ्या गल्लीत धूर साचायचा. तो विरेपर्यंत खालून शंख ऐकू यायचा, मग मोहरीच्या तेलात मासे पडल्याचा आवाज, आणि त्याच क्षणी आत्या स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. ती खिडकी लावल्याचा आवाज माझ्या दिवसाचं घड्याळ होतं. मग वरण-भात, पुण्याहून पार्सलने आलेल्या गोड्या मसाल्याची आमटी, आणि पाटावर मी एकटी. बाबा नऊ वाजताच ट्रामने गेलेले असत. शाळेतल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात मला ‘बर्गी’ करून टाकलं. दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार बंगाल लुटून गेले, त्या बर्गींचं भय घालून तिथल्या आज्या अजून पोरांना झोपवायच्या. मराठ्यांना अडवायला खणलेला खंदक आमच्याच वस्तीपासून सुरू व्हायचा, असं भूगोलाच्या बाईंनी माझ्याकडे बघत सांगितलं. मी घोड्यावर कधी बसले नव्हते हे सांगण्याइतकी बंगाली मला येत नव्हती. येऊ लागली तोवर मधल्या सुट्टीत एकटं बसायची सवय झाली होती.

आत्या दिसायला कशी होती ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उंच, काटक, कपाळ कोरं, हात मोकळे, आणि अंगावर तांबडं आलवण, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेलं. पदराखाली केशवपन केलेलं डोकं. आमच्याकडे ती कोण हे विचारायची कुणाला गरज पडली नसती. तांबडं आलवण लांबून दिसलं की लहान पोरही ओळखे. मी जन्मल्यापासून तिला त्याच एका रंगात पाहिलं होतं. आमच्या नात्यातल्या म्हाताऱ्या विधवा सगळ्या त्याच रंगात. तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. तो रंग सोवळा, वडीलधारा, मान द्यायचा.

पहिल्या वर्षी दशमीला, दुर्गेची मूर्ती विसर्जनाला निघायच्या आधी, जेठीमा दोन्ही सुनांना घेऊन हातात शेंदराचं ताट घेऊन वर आल्या. त्या दिवशी सवाष्णी एकमेकींना शेंदूर लावतात. आत्याने दार उघडलं, ताट पाहिलं, आणि काही न बोलता दार लावून घेतलं. मी आतून बघत होते. आत्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. बाहेर पावलं जिना उतरून गेली. त्यानंतर वरचा मजला आणि खालचा मजला यांच्यात बोलणं राहिलं नाही. बाबा आणि घरमालक दारात भेटले की राजकारण बोलत, आणि पुरुषांना राजकारण मिळालं की घरात काय बिनसलंय याची त्यांना गरज नसते.

मी मात्र खाली जात होते, पिशीमांकडे. त्या मागच्या व्हरांड्यात उन्हाच्या पट्ट्यात चटईवर बसलेल्या असत. पांढरं बिनकाठाचं लुगडं, तिथे त्याला थान म्हणतात, कापलेले पांढरे केस, आणि शेजारी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. त्या घरात थंडी यायच्या आधीपासून सगळ्या बायका स्वेटर विणायच्या, आणि स्वेटर पुरा झाला की उरलेली लोकर पिशीमांच्या डब्यात जायची. त्या तिचे क्रोशाने चौकोन करायच्या आणि चौकोन जोडून पांघरुणं. घरात मूल जन्मलं की त्याला एक, मुलगी सासरी निघाली की तिला एक. नवी लोकर विकत आणायची नाही हा त्यांचा नियम होता. “नवी लोकर दुकानदाराची,” त्या म्हणायच्या, “ही माणसांची.” कुठला चौकोन कुणाच्या स्वेटरचा हे त्यांना पाठ असे.

त्यांनीच मला सुई धरायला शिकवली. आधी चार साखळ्यांचं कडं, मग त्यात तीन-तीन खांब, कोपऱ्यावर दोन साखळ्या सोडायच्या की गोल आपोआप चौकोन होतो. लोकर संपली की नवी जोडताना गाठ मारायची नाही, हा दुसरा नियम. दोन्ही टोकं उसवून, ओली करून, एकावर एक ठेवून तळव्यांत चोळायची. ती एकमेकांत मिसळून जातात. थोरली बौदी टोकं जिभेने ओली करायची, ते पिशीमांना चालत नसे. त्यांच्याकडे वाटीत गंगेचं पाणी असे. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “उष्टं लावत नाही ना? मग बाई बरी दिसते.” आत्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी कुणाला मिळालेलं पाहिलं नाही. मी केलेला चौकोन पिशीमा डोळे मिटून अंगठ्याने चाचपायच्या. गाठ लागली की चौकोन परत. “झोपलेल्या माणसाला गाठ टोचते, खुकी.” तिथे मुलींना लाडाने खुकी म्हणतात. मला लाडाने काही म्हणणारं त्या शहरात दुसरं कुणी नव्हतं. शाळा सुटली की मी पळत यायची ती त्या चटईसाठी. ती चटई गेली असती तर मला जायला कुठलीच जागा नव्हती, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या वर्षी थंडी लवकर आली. सगळं घर स्वेटर-मफलरमध्ये गुरफटलेलं, आणि पिशीमा मात्र एका विरलेल्या पांढऱ्या सुती चादरीत. सुई धरलेला हात कापायचा. मी विचारलं, “तुमचं पांघरूण कुठे आहे?”

“माझं कशाला?” त्या म्हणाल्या. “माझ्या रंगाची लोकर कुणाची उरते?”

हे वाक्य मी नीट ऐकलं, आणि पूर्ण उलटं समजले. त्या पांढऱ्याबद्दल बोलत होत्या. त्या कोळशाच्या धुरात पांढरा स्वेटर कोण विणणार? पण पांढरं हे माझ्या लेखी कपड्याचं साधं असणं होतं, बाबांच्या सदऱ्यासारखं. विधवेचा रंग म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे आत्या. पिशीमांना तो नेसायला मिळत नाही, त्या गरीब आहेत, किंवा इथे तसं आलवण मिळत नसेल, अशी माझी समजूत. तेव्हा मी ठरवलं की पिशीमांना एक पांघरूण करायचं, आणि ते अगदी रीतसर तांबडं.

आता तांबडी लोकर जमवायची तर मागायला हवी, आणि मागायला बोलायला हवं. आमच्या शाळेचा स्वेटर तांबडाच होता, त्यामुळे प्रत्येक मुलीच्या घरी त्याचा उरलेला गुंडा असणार. मी वर्गात एकेकीकडे जाऊन मोडक्या बंगालीत लोकर मागितली. “बर्गी लुटायला आली,” एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी तिनेच लिंबाएवढा गुंडा आणून दिला. धाकट्या बौदीनेही तिच्या लग्नातल्या लाल कार्डिगनची लोकर दिली. कशाला हवी, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला पिशीमांना चकित करायचं होतं.

चौकोन मी वर बसून करायची. आत्याने एकदा उचलून उजेडात धरला. “कुणासाठी?”

“खालच्या पिशीमांसाठी. त्या गारठतात.”

आत्याने रंग पाहिला. “चांगला आहे. वयाला शोभेल.” तीही चुकली, हे मला आज फार बरं वाटतं. आम्ही दोघी एकाच गोष्टीत सारख्याच अडाणी होतो, असं पुन्हा कधी घडलं नाही.

शेवटच्या चार चौकोनांना लोकर कमी पडली. मी तसं बोलले नव्हते, पण एका सकाळी सोवळ्यातच आत्याने तिच्या ट्रंकेतून तांबडा गळपट्टा काढला. तो आईने तिच्यासाठी विणलेला होता. आत्याने टोक शोधलं, ओढलं, आणि उसवायला लागली. मी समोर बसून गुंडाळत होते. लोकर तिच्याकडून माझ्याकडे येत होती, विणीतून सुटल्यामुळे कुरळी झालेली. “तुझी आई सैल विणायची,” आत्या म्हणाली. “मी तिला म्हणायची, जरा घट्ट धर. आता बघ किती भराभर सुटतंय.” मी खाली मान घालून गुंडाळत राहिले. मला रडू येत होतं, आणि वर बघितलं असतं तर आत्याचं काय चाललंय ते दिसलं असतं, ते मला नको होतं. त्या लोकरीचे चार चौकोन मी अगदी मधोमध लावले.

संक्रांतीला आत्याने तिळगूळ केला. खालीही बंगाल्यांची पौष संक्रांत होती. जेठीमा आणि सुना व्हरांड्यात नारळ खवत बसल्या होत्या, खजुराच्या गुळाचा वास सुटला होता. मी तिळगुळाची वाटी ठेवली, आणि पिशीमांना म्हटलं, “डोळे मिटा.”

त्यांनी हसत मिटले. मी मागून जाऊन पांघरूण त्यांच्या खांद्यांवर टाकलं. त्यांनी दोन्ही हातांनी ते पुढे ओढून घेतलं, आणि डोळे न उघडता सवयीने अंगठा फिरवायला लागल्या, एका चौकोनावरून दुसऱ्यावर. “गाठ नाही,” त्या म्हणाल्या. “एकही गाठ नाही ग.” त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता तो मी नंतर कुणालाही काहीही देऊन पुन्हा मिळवू शकले नाही. मग त्यांनी डोळे उघडले.

खवणीचा आवाज थांबला. पिशीमांनी पांघरूण बोटांच्या टोकांनी खांद्यावरून काढलं, घडी केली, चटईच्या बाहेर जमिनीवर ठेवलं आणि उठून उभ्या राहिल्या. जेठीमा माझ्यावर कडाडल्या, “हे काय केलंस? विधवेच्या अंगावर लाल घातलंस? कुणी शिकवलं तुला, वरच्यांनी? तुझी आत्या आमच्या शेंदराच्या ताटावर दार लावते, आणि आमच्या विधवेला लाल पाठवते. थट्टा करायला आम्हीच सापडलो?”

“तिला काय कळतं, लहान आहे,” पिशीमा म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता. आणि न्हाणीघरात गेल्या. भर पौषात त्या गार पाण्याने आंघोळ करत असल्याचा आवाज बाहेर येत होता. तो माझ्यामुळे होता एवढं मला कळलं, का ते कळलं नाही. चटई गेली, एवढंच मनात येत होतं.

वर आले तेव्हा आत्या चुलीपाशी होती. मी हुंदके देत सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे यांच्यात तांबडं सवाष्णीचं. दोन वर्षं त्या मला सवाष्ण समजतायत.” तिने भाताचं पातेलं उतरवलं, आणि सोवळ्यातच, स्वयंपाक अर्धा टाकून, जिन्याकडे निघाली. “चल. मी सांगते तेवढंच त्यांच्या भाषेत सांग. पदरचं घालू नकोस.”

आत्याला खालच्या व्हरांड्यात पाहून सुना उठूनच उभ्या राहिल्या. पिशीमा ओल्या केसांनी, कोरं थान नेसून दारात होत्या. आत्या त्यांच्यासमोर गेली, दोन हातांवर थांबली, आणि तिने डोक्यावरचा पदर मागे ओढला. तिचं उघडं डोकं मीही तोवर कधी पाहिलं नव्हतं. घाटावरच्या न्हाव्याने दोन-चार दिवसांपूर्वी केलेलं, त्यावर पांढरे खुंट आलेले. फार लहान दिसत होतं ते डोकं.

“सांग त्यांना,” आत्या म्हणाली. “मी बारा वर्षांची असताना आमचे हे गेले. तेव्हापासून माझ्या अंगावर हा एकच रंग. आमच्यात विधवेला हाच देतात. पोरीनं थट्टा केली नाही. तिनं माझ्याकडे बघून रंग निवडला.”

मी सांगायला लागले. ‘बारा’वर आले आणि माझा आवाज गेला. त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. आत्या कधी माझ्याएवढी होती, हे माझ्या मनात तोपर्यंत आलंच नव्हतं. मला तो आकडा दोनदा म्हणावा लागला.

पिशीमांनी आत्याकडे बघत काही तरी अगदी हळू म्हटलं. “काय म्हणते?” आत्याने विचारलं.

“त्या नऊ वर्षांच्या होत्या.”

आत्याने मान हलवली. जेठीमा म्हणाल्या, “दशमीला आम्ही तुमच्या दारात...” त्यांनी हात जोडले. आत्या मला म्हणाली, “त्यांना म्हणावं, दार मीही लावायला नको होतं. सांगायला हवं होतं. पण कुठल्या भाषेत सांगणार होते?” मग तिने पदर सारखा केला आणि वर येऊन पुन्हा आंघोळ केली. त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो.

दुसऱ्या दिवशी जेठीमांनी खजुराच्या गुळाची अख्खी ढेप वर पाठवली. शिजवलेलं आत्याला चालणार नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. आत्याने परत कच्चे तीळ पाठवले. पण पिशीमांना त्या आंघोळीने खोकला धरला, तो फाल्गुनापर्यंत गेला नाही. मी खाली जाई, त्या जवळ बसवून घेत, पण मला सुई हातात घ्यावीशी वाटेना, आणि त्याही आग्रह करत नसत. पांघरुणाचं काय झालं ते मी विचारलं नाही. चुकून केलेल्या गोष्टीचीही लाज वाटते, आणि ती मुद्दाम केलेल्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे.

त्या चैत्रात बाबांची बदली नागपूरला झाली. निघायच्या दिवशी पिशीमा पहिल्यांदाच जिना चढून वर आल्या. हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. ते त्यांनी माझ्याकडे दिलं नाही. आत्यापुढे जमिनीवर ठेवलं, म्हणजे ती न शिवता उचलू शकेल. “हा तुमचा रंग,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचा अंगठा सवयीने माझ्या कपाळावरून एकदा फिरला. मग त्या एकेक पायरी धरत खाली गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

बांधलेल्या ट्रंकांच्या मध्ये बसून आत्याने गाठोडं सोडलं. तांबडं पांघरूण होतं, चारी बाजूंनी नवी किनार विणलेलं. मधोमधच्या चारांपैकी एक चौकोन मात्र पांढरा होता. देवांच्या आसनासाठी त्या सुती दोरा वापरत, त्या दोऱ्याचा. लोकरीत सूत बसवल्यामुळे तेवढी जागा जराशी आकसली होती. आत्या ती जागा बराच वेळ चाचपत होती.

“इथे माझ्या गळपट्ट्यातला होता,” ती म्हणाली. “तुझ्या आईच्या हातचा.”

मी म्हटलं, “खराब झाला असेल. म्हणून काढला असेल.”

“नाही ग,” आत्या म्हणाली. “तिनं तो ठेवून घेतला.”

आत्या ते पांघरूण पुढे वीस वर्षं वापरत होती, पांढरा चौकोन छातीवर येईल असं. आता ते माझ्याकडे आहे. बागबाजारातलं ते घर पाडलं असं कुणी तरी सांगितलं. सामान काढताना कुणी तो बिस्किटांचा डबा उघडला असेल, तर नऊ वर्षांची असल्यापासून पांढऱ्यात राहिलेल्या बाईच्या डब्यात तळाशी जपून ठेवलेला एक तांबडा चौकोन त्यांना सापडला असेल, आणि तो कुणाचा, हे सांगू शकणारी आता मी एकटीच आहे.